मुलांचे घड्याळ आणि घरची वेळ

(बोरीवली येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालवर्गातील सकाळ जगात सगळीकडे जवळजवळ सारखीच उजाडते. फळ्याच्या कडेला एक कॅलेंडर टांगलेले असते, बाई एका मुलाला पुढे बोलावतात, आणि सारा वर्ग एका सुरात म्हणतो की आज अमुक वार, काल अमुक वार होता, उद्या अमुक वार असेल. बोरीवलीच्या असंख्य शाळांत हा पाठ इंग्रजीतून होतो. मुलांच्या घरी मराठी असते, गुजराती असते, हिंदी, कोंकणी किंवा तुळू असते. वर्गात 'टुडे इज मंडे' असे खणखणीत म्हणणारा पाच वर्षांचा मुलगा घरी येतो, आजोबा विचारतात, "परवा कोण आलं होतं रे?" आणि मुलगा गप्प होतो. परवा हा शब्द मागेही जातो आणि पुढेही. तो कोणत्या दिशेला निघाला आहे हे क्रियापद सांगते. इंग्रजीत त्याच्यासाठी एक सुटा शब्दच नाही, त्यामुळे शाळेने तो मुलाला दिलेला नाही. आणि घराने गृहीत धरले आहे की शाळेने दिला असेल.

बाब क्षुल्लक वाटेल, पण तशी ती नाही. आंबा मुलाच्या हातात देता येतो, निळा रंग दाखवता येतो. मंगळवार दाखवता येत नाही. कालज्ञान ही मुलाला मिळणारी पहिली अशी विद्या आहे की जिच्यात पकडायला शब्दाखेरीज दुसरे काहीच नसते. म्हणून ती कोणत्या भाषेत द्यावयाची, आणि दुसऱ्या भाषेत दिली तर पहिलीचे काय करावयाचे, हा प्रश्न गणिताच्या किंवा चित्रकलेच्या तासापेक्षा येथे अधिक टोकदार होतो.

परक्या भाषेत मुलाला पूर्ण बुडवून शिकविण्याचा जगातील सर्वांत गाजलेला प्रयोगही एका उपनगरातच झाला. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या सेंट लॅम्बर्ट या उपनगरात १९६५ साली काही इंग्रजीभाषक पालकांनी हट्ट धरून आपल्या मुलांसाठी फ्रेंच बालवर्ग सुरू करविला. घरी इंग्रजी, शाळेत पहिल्या दिवसापासून फ्रेंच. वार, महिने, घड्याळ, सारे फ्रेंचमध्ये. मॅक्‌गिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली व १९७२ मध्ये तिचा ग्रंथ प्रसिद्ध केला. निष्कर्ष पालकांना दिलासा देणारा होता. मुले फ्रेंच चांगली शिकली, आणि इंग्रजी वाचनलेखनात सुरुवातीला पडलेली उणीव थोड्याच वर्षांत भरून निघाली.

आपल्याकडे या प्रयोगाचा दाखला इंग्रजी माध्यमाच्या समर्थनार्थ दिला जातो. तो देणारे त्यातील दुसरा, अधिक महत्त्वाचा भाग वगळतात. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती; बँकेची, कारखान्याच्या मालकाची, साऱ्या उत्तर अमेरिकेची भाषा. तिला कोणताच धोका नव्हता, आणि शाळेतही पुढे ती विषय म्हणून रीतसर येत असे. लॅम्बर्ट यांनीच पुढे भेद केला की एक द्वैभाषिकता बेरजेची असते आणि दुसरी वजाबाकीची. घरची भाषा समाजात मानाची असेल तर दुसरी तिच्यात भर घालते. ती दुबळी असेल, तिच्यात बोलण्याची मुलाला लाज वाटू लागली असेल, तर दुसरी पहिलीची जागा खाऊन वाढते. बोरीवलीचा हिशेब कोणत्या बाजूला पडतो हे सांगावयाला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. इंग्रजी शाळेची फी भरणारा बाप नोकरीच्या बाजाराकडे पाहून ती भरतो, आणि त्याचा अंदाज चुकीचा आहे असे त्याला कोणी प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. त्याला सांगण्याजोगी गोष्ट इतकीच की या व्यवहारात जे हातचे जाते त्याची यादी शाळा देत नाही, ती त्याने स्वतःच करावी.

त्या यादीत घड्याळ फार वर येते. आजी म्हणते, "पावणेसहाला दूध आण." नातवाला 'फाइव्ह फॉर्टी-फाइव्ह' कळते, पावणेसहा कळत नाही, त्यात सहा ऐकू येते म्हणून तो सहाच्या पुढे शोधू लागतो. वास्तविक पावणे म्हणजे पाद-ऊन, पाव कमी. सव्वा म्हणजे पावासहित आणि साडे म्हणजे अर्ध्यासहित. गंमत अशी की मॉन्ट्रियलचा मुलगा फ्रेंचमध्ये नेमके हेच शिकतो. पावणेसहाला फ्रेंच माणूस 'सहा तास, पाव कमी' असेच म्हणतो. वारांचेही तसेच. फ्रेंचमधील सोमवार चंद्राचा, मंगळवार मंगळाचा, बुधवार बुधाचा, गुरुवार गुरूचा आणि शुक्रवार शुक्राचा. शनिवार-रविवारी काय ते दोघांचे रस्ते वेगळे होतात. इंग्रजीने मधल्या चार वारांना उत्तर युरोपातील जुन्या देवतांची नावे दिली, त्यामुळे 'ट्यूज्डे'त मंगळ शोधून सापडत नाही. म्हणजे वेळ आणि वार यांच्या बाबतीत मराठी मुलाला इंग्रजीपेक्षा फ्रेंच अधिक जवळची पडली असती. अर्थात बोरीवलीत फ्रेंच माध्यमाची शाळा काढा असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.

जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. या घोकंपट्टीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यापायी छड्या खाऊन शाळा सोडलेली मुले काही थोडी नव्हती, आणि ती बहुधा गरिबांची होती. पण त्या पाढ्यांत अपूर्णांक ही भीतिदायक वस्तू नव्हती. दीड आणि अडीच या स्वतंत्र नावाच्या जिवंत संख्या होत्या. आज चौथीत अपूर्णांक 'वन अपॉन टू' होऊन येतो तेव्हा मुलाला तो प्रथमच भेटल्यासारखा वाटतो. दीड वाजता तो रोज जेवतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

तारखेच्या आकड्यांची कथा याहून बोलकी आहे. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' अशी संख्यावाचनाची सोपी रीत दिली आणि महाराष्ट्रात गहजब झाला. विधानसभेपर्यंत प्रश्न गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी शांतपणे सांगितले की जुनी रीत काढलेली नाही, आणि जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात. त्यांचे म्हणणे खरे होते. पंचवीस बोलताना पाच आधी आणि लिहिताना दोन आधी. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणे, पण लिहिताना पुन्हा दोनच्या घरात. सात वर्षांच्या मुलाने एकोणतीस आणि एकोणचाळीस यांत गल्लत केली तर दोष मुलाचा नव्हे. फ्रेंचमध्ये तर सत्तरला 'साठ-दहा' आणि नव्व्याण्णवला 'चार-वीस-दहा-नऊ' म्हणतात. स्वित्झर्लंड व बेल्जियम येथील फ्रेंच लोकांनी सत्तर आणि नव्वद यांना सुटसुटीत नावे ठेवली. पॅरिस जुनेच म्हणत राहिले. दोन्हीकडे फ्रेंच सुखरूप आहे. आणि 'चार विसा' हे आपल्यालाही परके कोठे आहे? खेड्यातील म्हाताऱ्या माणसांनी विसांच्या हिशेबानेच वय आणि पैसे मोजले.

तेव्हा वादातील दोन्ही बाजूंना काही सांगण्याजोगे होते. नवी रीत शिडी म्हणून उत्तम. पण घरात, बाजारात आणि भिशीच्या वहीत तारीख 'एकोणतीस' अशीच बोलली जाणार असल्यामुळे शिडीवरून माडीवर पोहोचविणेही शाळेचेच काम. खटकणारी गोष्ट वेगळी. 'वीस एक' ऐकून ज्यांनी मराठीच्या नावाने गळा काढला, त्यांतील किती जणांची मुले-नातवंडे 'ट्वेंटी-वन' म्हणत होती? 'वीस एक'वर कोरडे ओढणाऱ्यांना तोच साचा इंग्रजीतून आल्यावर मात्र आधुनिक वाटत होता.

शुद्धतेचा आग्रह या प्रांतात मुळीच टिकत नाही. वार हा शब्द संस्कृत, तारीख अरबी, साल फारसी, मिनिट इंग्रजी, आणि या सगळ्यांची मराठी. मराठी मुलाने 'मिनिट' म्हणावे, 'लोकल' म्हणावे. सकाळी सात बावन्नची गाडी पकडणारी त्याची आई तेच म्हणते. (आगगाडीसाठी मिनिटाचा हिशेब ठेवणारी ही मुंबई इतरत्र 'पाच मिनिटांत येतो' या पाच मिनिटांचा अर्थ मात्र अर्ध्या तासापर्यंत ताणू शकते.) प्रश्न शब्द उसना असण्याचा नाही. आजी, मासळीवाली, इमारतीचा रखवालदार यांच्याबरोबर मूल एकाच वेळेत राहते की नाही, एवढाच आहे.

हे कॅलेंडरच्या बाबतीत अधिक उघड दिसते. गणपती दरवर्षी वेगळ्या तारखेला का येतात, हा प्रश्न बोरीवलीतील प्रत्येक मुलाला पडतो. २०२१ साली गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती, २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला. मूल अनुमान करते की पुढल्या वर्षी आणखी दहाबारा दिवस अलीकडे. पण २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला गेली. नंतर २०२४ मध्ये ७ सप्टेंबर आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. या पाच तारखा फळ्यावर लिहिल्या तर खगोलशास्त्राचा सबंध धडा उभा राहतो. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल सुमारे अकरा दिवसांची तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून ती भरतात. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. हिजरी सनात अशी भर घालीत नाहीत, म्हणून रमजान पावसाळ्यातून उन्हाळ्यात आणि उन्हाळ्यातून हिवाळ्यात फिरत राहतो. वर्गातील मुसलमान मुलाचा ईदचा अनुभव आणि मराठी मुलाचा गणपतीचा अनुभव शेजारी ठेवला की दोन गणिते आपोआप समोर येतात. त्यासाठी ना कोणाची पूजा करावी लागते ना कोणाचा उपदेश.

आणखी पाहा. याच वर्गातील उत्तर प्रदेशच्या मुलीच्या घरी श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, कारण तिकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि इकडे अमावास्येला. गुजराती मुलाचे नवे वर्ष दिवाळीच्या पाडव्याला, मराठी मुलाचे चैत्राच्या पाडव्याला. आय.सी. कॉलनीतील मुलाचा नाताळ तारखेला बांधलेला, पण ईस्टर पुन्हा चंद्राच्या मागे धावणारा. एका इमारतीच्या चार मजल्यांवर चार पंचांगे नांदतात, आणि भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरात मुलाला दिसतात त्या फक्त लाल रंगाच्या सुट्या.

स्वतंत्र भारताने या गोंधळाचा विचार केला नाही असे नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने देशभरची पंचांगे तपासली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. शास्त्रदृष्ट्या ती सुबक आहे. ऋतूंशी इमान राखते. सरकारी राजपत्रावर तिची तारीख छापली जाते, आकाशवाणीच्या श्रोत्यांनी 'भारतीय सौर' हे शब्द ऐकलेले असतात. पण या दिनदर्शिकेने कोणी पगार घेत नाही आणि कोणी सणही करीत नाही. याच सुमारास, १९५७ सालीच, बोरीवली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. त्या हद्दवाढीने लोकांचे आयुष्य बदलले, दिनदर्शिकेने बदलले नाही. पुढे १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढले, त्यात तारीख आणि तिथी एकाच चौकोनात बसविली, मागच्या पानावर वाचायला काही दिले, आणि ते घराघरांत खिळ्यावर लटकले. सरकारी समितीला जे साधले नाही ते स्वयंपाकघराच्या भिंतीने साधले, कारण लोकांच्या दोन्ही हिशेबांना तेथे जागा होती.

तिथीचा हिशेब केवळ देवाधर्माचा आहे असे समजणाऱ्याने गोराईच्या धक्क्यावर जावे. कोकणच्या किनाऱ्यावर एक जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करावी, येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. अंदाज स्थूल आहे, खाडीत आणि खुल्या समुद्रात थोडा फरक पडतो, पण चंद्रामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी मागे पडते हे शास्त्र त्यात पुरते उतरलेले आहे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग हे कोळ्याच्या पोटाचे शब्द आहेत. हा हिशेब करावयाला दोन गोष्टी याव्या लागतात, तिथी आणि पाऊणपट. इंग्रजी बालवर्गातून निघालेल्या गोराईच्या मुलाला दोन्ही येत नाहीत. त्याच्या आजोबांची विद्या त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट कोणी मुद्दाम अडविलेली नाही. ती वापरावाचून बुजली.

येथे शिक्षकांना एक शंका येईल. पहिली-दुसरीच्या मुलांना इतकी पंचांगे आणि इतकी घड्याळे दाखविली तर ती गोंधळणार नाहीत का? गोंधळ होतो तो एकच वेळ खरी आहे आणि ती घड्याळातून उगवते असे मनावर ठसल्यामुळे. वेळ ही माणसांनी आपसांत केलेली तडजोड आहे, आणि तडजोडीत कोणाचा वाटा किती हा तिच्या इतिहासाचा विषय आहे. हा इतिहास मुंबईइतका ठळक फार थोड्या शहरांत सापडेल.

१ जानेवारी १९०६ पासून सरकारने हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटांनी मागे. कारण प्रमाणवेळेचे रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आणि मुंबई सुमारे त्र्याहत्तरावर. गिरणीकामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता की भोंगा सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी होणार. त्या जानेवारीत काही कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले. महापालिकेने आपली मुंबई वेळ पुढे दीर्घकाळ सोडली नाही. जवळजवळ पन्नास वर्षे या शहरात 'किती वाजले?' या प्रश्नाला 'कोणत्या वेळेने?' असा उलट प्रश्न विचारता येत होता.

रविवारची सुटी तर मुले निसर्गनियम समजतात. पावसाळ्यानंतर हिवाळा तसा शनिवारनंतर सुटीचा वार. ती मागून, भांडून मिळविलेली आहे. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी भरविलेल्या सभेनंतर साडेपाच हजार गिरणीकामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्यातील मागण्या पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या घड्याळाच्या आणि कॅलेंडरच्या आहेत: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, आणि पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा काढला. बुद्धिवादाच्या दृष्टीने फार देखणा, पण कामकऱ्याची सुटी सातव्या दिवसाऐवजी दहाव्या दिवशी गेली, आणि नेपोलियनने १८०६ च्या आरंभी ते कॅलेंडर गुंडाळले तेव्हा लोकांनी फारसे अश्रू ढाळले नाहीत. सोविएत रशियानेही १९२९ पासून पाच आणि सहा दिवसांचे आठवडे करून पाहिले व १९४० मध्ये सातांवर परत आला. लोकांना न विचारता त्यांचा आठवडा बदलणारे डावे असोत की उजवे, फसतात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खाते सांभाळीत असताना मांडलेल्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने १९४६ मध्ये आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली. २०२५ च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम राहतील असे सांगितले. आठवड्याची बेरीज तीच राहिली तरी बारा तास कामाचे आणि चर्चगेटपासून बोरीवलीपर्यंत येण्याजाण्याचे तीन तास धरले तर त्या दिवशी बापाने मुलाला घड्याळ शिकवायचे कधी, याचे उत्तर त्या बेरजेत नाही.

म्हणून शाळेवरचा भार वाढतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी शिकविणे सक्तीचे झाले आहे. ही तासिका बहुतेक ठिकाणी बाराखडी, सुविचार आणि परीक्षा यांत संपते. ती तासिका पहिली दोन वर्षे घड्याळाला आणि कालनिर्णयाला दिली तर काय बिघडेल? परवा आणि तेरवा, सव्वा आणि पावणे, रामप्रहर आणि तिन्हीसांज, उधाण आणि भांग. गुजराती आणि हिंदीभाषक मुलांनाही यात परके काही नाही. त्यांच्या घरी सवा, डेढ, अढाई आहेतच, आणि हीच एक जागा आहे जिथे मराठीची तासिका त्यांच्यावर लादल्यासारखी वाटणार नाही. अडचण शिक्षकांची आहे. तरुण शिक्षिका स्वतः इंग्रजी माध्यमातून आलेल्या, औटकी त्यांनी ऐकलेली नाही. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पालकसभेला नुसती फीची थकबाकी वाचून दाखविण्याऐवजी शाळांनी आजी-आजोबांना, गोराईच्या एखाद्या तांडेलाला, निवृत्त गिरणीकामगाराला वर्गात आणून बसवावे. त्यांचे मानधन काढून फी वाढवू नये म्हणजे झाले.

आणि मैदानात एक सरळ काठी रोवावी. तिची सावली सर्वांत आखूड होते तो खरा माध्यान्ह. सावली अजिबात नाहीशी होण्याचे दोन दिवस बोरीवलीला लाभतात, पण मेच्या मध्यावरचा सुटीत जातो आणि जुलैअखेरचा ढगांत. म्हणून डिसेंबर बरा. नाताळच्या सुटीपूर्वी आकाश स्वच्छ असते. तेव्हा सावली बाराला आखूड होत नाही, साडेबारा उलटून गेल्यावर होते, आणि ३९ मिनिटांचा तो जुना तंटा मुलांना जमिनीवर दिसतो. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत सकाळची मुले निघालेली असतात आणि दुपारची येत असतात तीच ही वेळ. दोन्ही सत्रांनी मिळून खडूने खुणा कराव्यात, पावणेएकपर्यंत.